मानेचं माप

बर्गनहून खोकं आलं.
वर बहिणीचं तिरकं अक्षर,
आत लाल ड्रायसूट, नऊ वर्षांच्या मापाचा,
मनगटांना रबर, मानेला रबर,
आणि चिठ्ठी: जूनमध्ये या.
इथलं पाणी बर्फाचं आहे, जुईलीला शिकवून आण.
आमचा तन्मय सातव्या वर्षापासून जातो.

शिवडीच्या खोलीत, भर एप्रिलच्या दुपारी,
पंख्याखाली उभं राहून तिने तो घातला.
हिने विचारलं, आत थेंबसुद्धा जात नाही?
नाही.
म्हणजे सर्दी नाही?
केस भिजतात, मी म्हणालो.
केस पुसता येतात, ही म्हणाली
आणि कणीक मळायला गेली.
तिच्यापुरता प्रश्न सुटला.

मी बावीस वर्षं असाच सूट घालतोय, काळा,
माझगावच्या गोदीत, बोटींच्या पोटाखाली,
शंख-शिंपले खरवडत.
थंडीसाठी नव्हे.
मुंबईचं पाणी कुणाला गारठवत नाही,
ते चहाइतकं कोमट असतं आणि रंगालाही तसंच.
ते अंगाला लागू नये म्हणून सूट.
घरी गेलो की ही आधी माझे हात हुंगते,
मग ताट वाढते.

एक गोष्ट मी घरी सांगितलेली नाही.
सूटमध्ये हवा असते
आणि ती फक्त वरचं ऐकते.
खाली डोकं घालून मी बोटीच्या पंख्यातलं जाळं कापत होतो,
हवा पायांत गेली,
बूट फुगले,
आणि मी उलटा, वटवाघळासारखा,
बोटीच्या तळाला जाऊन चिकटलो.
गुडघे पोटाशी, मग कोलांटी. एवढंच करायचं असतं.
मला ते आठवायला किती वेळ लागला
हे वर दोरी धरणाऱ्या इसाकला माहीत आहे.
तो मोजत होता.
मी तेव्हा अठ्ठ्याहत्तर किलोचा होतो.
जुईली सव्वीस.

मला तुर्भ्याच्या जेट्टीवर काकांनी शिकवलं.
कमरेला सुंभ, पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा,
आणि एक धक्का.
खारं पाणी नाकातून थेट टाळूत,
ही पहिली ओळख.
डब्यात तरी काय होतं, हवाच.
पण ती एका जागी बसून राहायची.

रविवारी चेंबूरच्या तलावावर ओळखीने तासभर मिळाला.
मानेचं रबर ताणून डोकं आत घातलं,
तिचे कान लालबुंद.
दोन बोटं सरकवून पाहिली. एकच गेलं.
गुदमरतंय?
नाही. कुणीतरी मान धरलीय असं वाटतंय.
छातीइतक्या पाण्यात उतरली
आणि थांबली.
बाबा, पाणी मला आवळतंय,
पण लागत नाहीये.

मी तिला मुद्दाम उलटी केली,
घोटे धरून, हवा पायांत जाऊ दिली.
गुडघे! ओरडलो. गुडघे पोटाशी!
तिसऱ्यांदा ती रडली,
सातव्यांदा तिला जमलं,
आठव्यांदा हसत वर आली,
आणि तेच मला आवडलं नाही.
जमलं म्हणजे भीती गेली,
आणि या वयात भीती गेली की
ती परत आणायला कुणाला पाठवायचं?

मग ती म्हणाली, काढ हे.
सूट निघाला, ती आतून घामाने चिंब.
मला काही विचारायच्या आत
चड्डी-बनियनवर तिने तलावात उडी मारली.

बहिणीला अजून कळवलेलं नाही.
लिहायला बसलो की वाटतं, तन्मयला जमतं,
त्यांच्या दारातच तसलं पाणी, ती तरी काय करणार?
आणि जुईलीचे बूट दर सहा महिन्यांनी बदलतात,
मान कुठे एका मापाची राहणार?
तिकिटं अठरा जूनची आहेत.

रात्री गॅलरीत दोन्ही सूट वाळत घातले,
माझा काळा, तिचा लाल,
बुटांना धरून, डोकं खाली.
हिने येऊन पाहिलं.
हे असे उलटे का टांगलेत?
तसेच टांगतात, मी म्हणालो.